वजन जास्त, तरी पोषण कमी: बेरिॲट्रिक सर्जरीआधी व्हिटॅमिनच्या तपासण्या का करतात?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायचं ठरलं की पहिल्या एक-दोन भेटींतच डॉक्टर रक्ततपासण्यांची लांबलचक यादी हातात देतात. शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल ही नावं अपेक्षितच असतात. पण त्यापुढे व्हिटॅमिन बी१२, व्हिटॅमिन डी, फेरिटिन, फॉलिक ॲसिड, पॅराथायरॉइड हार्मोन असं दिसलं की घरच्यांना प्रश्न पडतो. ज्याचं वजन ११०-१२० किलो आहे, जो रोज पोटभर जेवतो, त्याच्या शरीरात कसली कमतरता असणार?

प्रत्यक्षात लठ्ठपणा असलेल्या लोकांमध्ये जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी असणं ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर केस गळाले, हातापायांना मुंग्या आल्या, थकवा आला की दोष ऑपरेशनला दिला जातो. पण यातल्या बऱ्याच कमतरता ऑपरेशनच्या आधीपासूनच शरीरात असतात. कोणी तपासलेलं नसल्यामुळे त्या कळलेल्या नसतात, इतकंच.

पोटभर जेवणाऱ्याला कमतरता कशी?

वजन वाढतं ते उष्मांकामुळे, म्हणजे कॅलरीमुळे. जीवनसत्त्वं आणि खनिजं हा वेगळा हिशेब आहे. वडापाव, फरसाण, बिस्किटं, गोड चहा, पांढरा भात, मैद्याचे पदार्थ यांतून कॅलरी भरपूर मिळतात, पण लोह, फॉलिक ॲसिड, झिंक, बी१२ फारसं मिळत नाही. उपवासाच्या दिवशी खाल्ली जाणारी साबुदाण्याची खिचडीही याच गटातली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यातलं थोडंफार पोषण येतं ते शेंगदाण्याच्या कुटातून.

पोट भरलेलं, पण शरीराला लागणारे सूक्ष्म घटक कमी, या अवस्थेला पोषणतज्ज्ञ 'छुपी भूक' म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय महिलांना ॲनिमिया असल्याचं आढळलं. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के महिलांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. हे दोन गट वेगवेगळे असतात असं अनेकांना वाटतं. पण एकाच बाईचं वजन जास्त आणि हिमोग्लोबिन कमी असू शकतं.

आहाराशिवाय आणखी तीन कारणं असतात.

पहिलं, वारंवार केलेलं डाएट. ऑपरेशनपर्यंत पोहोचलेल्या बहुतेकांनी आधी अनेक प्रकार करून पाहिलेले असतात: कधी फक्त सूप, कधी फक्त फळं, कधी एकभुक्त. वजन परत वाढतं, पण रिकामे झालेले साठे आपोआप भरत नाहीत.

दुसरं, औषधं. डायबिटीससाठी दिलं जाणारं मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं तर बी१२ कमी होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये याबद्दल डॉक्टरांना खास सूचना दिली होती. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांमुळे जठरातलं आम्ल कमी होतं आणि त्याचाही परिणाम बी१२ आणि लोहावर होतो.

तिसरं कारण म्हणजे चरबी स्वतःच. जास्तीची चरबी शरीरात सौम्य पण सततचा दाह निर्माण करते, आणि त्यामुळे काही घटक शरीरात असूनही वापरता येत नाहीत.

शस्त्रक्रियेत नेमकं काय बदलतं?

बेरिॲट्रिक सर्जरीचे दोन प्रकार जास्त केले जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलीटरची छोटी पिशवी तयार करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न बाकीच्या जठरातून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. मिनी बायपासमध्येही आतड्याचा सुरुवातीचा भाग असाच वगळला जातो.

हा वगळलेला भाग महत्त्वाचा आहे, कारण लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी१२चा प्रवास आणखी लांबचा. जठरातलं आम्ल ते अन्नातून मोकळं करतं, जठरातच तयार होणारं 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिन त्याला पुढे धरून ठेवतं आणि मग लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषलं जातं. जठर लहान केलं किंवा बाजूला ठेवलं की ही साखळी पहिल्याच कडीत ढिली पडते.

शिवाय सुरुवातीचे काही आठवडे खाणंच अगदी थोडं असतं. आधी पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं जेवण. म्हणजे आत येणारं पोषण कमी आणि शोषणही कमी. अशा वेळी शरीर जुन्या साठ्यावर चालतं. तो साठा आधीच रिकामा असेल तर अडचण लवकर आणि जोरात येते.

आधीच तपासण्याचे फायदे काय?

पहिला फायदा साधा आहे. ऑपरेशनआधी आतडं पूर्ण काम करत असतं, त्यामुळे साध्या गोळीनेही कमतरता भरून येऊ शकते. नंतर त्याच कमतरतेसाठी जास्त डोस किंवा इंजेक्शन लागण्याची शक्यता वाढते.

दुसरा फायदा ऑपरेशनच्या दिवशीचा. हिमोग्लोबिन कमी असेल तर थोडा रक्तस्रावही जड जातो. झिंक आणि प्रथिनं कमी असतील तर जखम भरायला वेळ लागतो. बी१२ आणि भूल यांचाही संबंध आहे. भूल देताना कधीकधी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू शरीरातलं बी१२ निष्क्रिय करतो. ज्याचं बी१२ पुरेसं आहे त्याला सहसा त्रास होत नाही. पण साठा आधीच तळाला असेल तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून बी१२ कमी असल्याचं भूलतज्ज्ञांना आधी कळणं गरजेचं असतं.

तिसरा फायदा पुढच्या वर्षांसाठी. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी पायांना मुंग्या आल्या, तर आधीचा आकडा हाताशी असल्यामुळे डॉक्टरांना घसरण कुठून सुरू झाली हे कळतं.

अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुधारलेल्या पोषणविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑपरेशनआधी थायमिन, बी१२, फॉलिक ॲसिड, लोह, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम यांची तपासणी सर्वच रुग्णांसाठी सुचवली आहे. प्रकृती आणि ऑपरेशनचा प्रकार पाहून व्हिटॅमिन ए, झिंक, तांबं अशा तपासण्या वाढवल्या जातात.

कोणत्या कमतरता जास्त आढळतात?

व्हिटॅमिन डी

लठ्ठपणात सर्वांत जास्त आढळणारी कमतरता बहुधा हीच. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं. शरीरात चरबी जास्त असली की ते तिच्यात विखुरलं जातं आणि रक्तातलं प्रमाण कमी राहतं. त्यामुळे लठ्ठ व्यक्तीला तीच पातळी गाठायला नेहमीच्या दोन-तीन पट डोस लागू शकतो.

भारतात ऊन भरपूर, मग डी कमी का, हा नेहमीचा प्रश्न. दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणं, अंग झाकणारे कपडे, सावळी त्वचा ही त्याची कारणं. शिवाय सकाळच्या कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण फार कमी असतात, ते दुपारच्या आसपास जास्त असतात. शाकाहारी जेवणात डी जवळजवळ नसतंच. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत ते असतं.

रक्तातली पातळी २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असली की कमतरता मानतात. ऑपरेशनसाठी ती ३० च्या वर असावी असं धोरण असतं.

लोह

इथे मासिक पाळी, शाकाहार आणि चहा या तिन्हींचा वाटा असतो. डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतलं लोह मांसाहारातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते आणखी कमी करतो. लिंबू, आवळा, पेरू यांच्यातल्या व्हिटॅमिन सीमुळे मात्र शोषण वाढतं.

लठ्ठपणात याच्या जोडीला दाहाची अडचण येते. दाह वाढला की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त तयार करतं. हेप्सिडिन आतड्यातून लोह आत येण्याची वाट रोखतं आणि साठ्यातलं लोहही अडकवून ठेवतं. म्हणून गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात.

व्हिटॅमिन बी१२

हे दूध, दही, पनीर, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळतं. भाज्या, फळं आणि धान्यांत ते नैसर्गिकरीत्या नसतं. त्यामुळे शाकाहारी घरांत, विशेषतः दूधदुभतं कमी खाणाऱ्यांत, त्याची कमतरता नेहमी दिसते. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते आणि यकृतातला भरलेला साठा काही वर्षं पुरतो. धोका याच गोष्टीत आहे. साठा हळूहळू संपत जातो, लक्षणं उशिरा दिसतात आणि तोवर मज्जातंतूंचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. मुंग्या येणं, तोल जाणं, विसरभोळेपणा, जीभ लाल होऊन झोंबणं ही त्याची लक्षणं. उपचार उशिरा झाले तर हे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

फॉलिक ॲसिड

गर्भधारणेच्या वयातल्या महिलांसाठी हे खास महत्त्वाचं. वजन कमी झाल्यावर, विशेषतः पीसीओएस असलेल्या महिलांमध्ये, पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. तरीही अनपेक्षितपणे दिवस राहिले आणि फॉलिक ॲसिड कमी असलं, तर बाळाच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या वाढीत दोष राहू शकतो.

एक खबरदारी इथे लागते. बी१२ न तपासता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी१२च्या अभावी मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं.

थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१

याची चर्चा सर्वांत कमी होते, पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांत तातडीचा धोका याचाच. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ऑपरेशननंतर सतत उलट्या झाल्या आणि अन्न टिकलं नाही, तर तो संपतो. मग गोंधळल्यासारखं होणं, एकाची दोन दिसणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं असं होतं. याला वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

उलट्यांमुळे अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. पण ग्लुकोज वापरताना शरीर थायमिन खर्च करतं. थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर परिस्थिती बिघडू शकते. म्हणून बेरिॲट्रिक सर्जरी झालेल्या व्यक्तीने किंवा घरच्यांनी, कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी, ऑपरेशनची माहिती आधी सांगणं फार गरजेचं आहे. जे नियमित दारू पितात त्यांच्यात थायमिन आधीपासूनच कमी असू शकतं. हे डॉक्टरांपासून लपवून चालत नाही.

झिंक आणि तांबं

झिंक कमी असलं की केस गळतात, चव जाते, जखमा हळू भरतात. पण केसांसाठी म्हणून झिंकच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मनाने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. त्यातूनही ॲनिमिया होतो आणि बी१२च्या कमतरतेसारखाच मज्जातंतूंचा त्रास होतो. म्हणून दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं असावं असं प्रमाण सांगितलं जातं.

रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे झालं?

नेहमीच नाही. लठ्ठपणात काही आकडे फसवे असतात.

• फेरिटिन: हे लोहाच्या साठ्याचं माप. पण शरीरात दाह असला की ते आपोआप वाढतं. त्यामुळे साठा कमी असूनही आकडा ठीक दिसू शकतो. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सीआरपी पाहतात. सॅच्युरेशन २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर लोह कमी असल्याची शंका घेतात.

• कॅल्शियम: रक्तातलं कॅल्शियम कमी होऊ लागलं की शरीर ते हाडांतून काढून पातळी राखतं. रिपोर्ट नॉर्मल येतो, पण हाडं झिजत असतात. पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं दिसलं की हा प्रकार लक्षात येतो.

• हिमोग्लोबिन: ते ठीक असलं तरी लोहाचा किंवा बी१२चा साठा संपत आलेला असू शकतो.

• बायोटिन: केसांसाठीच्या अनेक गोळ्यांत हे असतं. जास्त डोसमुळे थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अशी गोळी चालू असेल तर तपासणीआधीच सांगायला हवं.

कमतरता भरून यायला किती वेळ लागतो?

इथेच अनेकांची घाई आडवी येते. सुट्टी, लग्नकार्य किंवा विम्याची मुदत पाहून ऑपरेशनची तारीख ठरते आणि तपासण्या आदल्या आठवड्यात होतात. तेव्हा कमतरता सापडली तरी भरून काढायला वेळ उरत नाही.

लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढू लागतं, पण साठा भरायला त्यापुढे साधारण तीन महिने लागतात. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देतात. व्हिटॅमिन डीसाठी आठवड्यातून एकदा ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल काही आठवडे देण्याची पद्धत आहे. ही पुडी रोज घेण्याची चूक होते, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली तरी काही जण ती घेतच राहतात. डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला इजा होते. बी१२साठी गोळ्या किंवा इंजेक्शन, कमतरता किती आहे त्यावर ठरतं.

बेरिॲट्रिक सर्जरी सहसा तातडीची नसते. तिची तारीख पुढे नेता येते. म्हणून तपासण्या पहिल्याच भेटीत, म्हणजे ऑपरेशनच्या दोन-तीन महिने आधी झालेल्या चांगल्या.

ऑपरेशनआधीच्या डाएटचं काय?

ऑपरेशनच्या आधी दोन ते चार आठवडे कमी कॅलरीचं, जास्त प्रथिनांचं डाएट देतात. फॅटी लिव्हरमुळे यकृत मोठं झालेलं असतं आणि ते जठरावर पसरलेलं असतं. या डाएटमुळे ते आकसतं आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करणं सोपं जातं. पण हे डाएट म्हणजे उपाशी राहणं नव्हे. फक्त ताक आणि काकडीवर दिवस काढले तर थायमिन आणि प्रथिनं ऑपरेशनच्या तोंडावरच कमी होतात. ठरलेली प्रोटीन पावडर आणि मल्टिव्हिटॅमिन या काळात चुकवू नयेत. डायबिटीसची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोसही याच वेळी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो.

ऑपरेशननंतर गोळ्या किती दिवस?

आयुष्यभर. ऑपरेशनला होकार देण्याआधी हे नीट समजून घेतलं पाहिजे. पहिल्या वर्षी बहुतेक जण गोळ्या नियमित घेतात. वजन उतरलं, बरं वाटू लागलं की त्या सुटतात, आणि कमतरता तिसऱ्या-चौथ्या वर्षी डोकं वर काढते.

प्रौढांसाठी साधारणपणे सुचवलं जाणारं रोजचं प्रमाण असं आहे: कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, आहारातलं धरून, व्हिटॅमिन डी सुमारे ३००० युनिट, बी१२ तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, थायमिन किमान १२ मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या महिलांसाठी लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. नेमका डोस ऑपरेशनचा प्रकार आणि रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतात.

लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, मध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेट जास्त बरं, कारण त्याला शोषलं जायला जठरातल्या आम्लाची गरज कमी लागते. चवीला गोड लागणाऱ्या गमीजवर विसंबू नये, कारण अनेक गमीजमध्ये लोह नसतं.

डॉक्टरांना काय विचारावं?

• माझ्या कोणत्या पातळ्या कमी आहेत आणि ऑपरेशनपर्यंत त्या कुठे आल्या पाहिजेत?
• उपचारानंतर तपासणी पुन्हा कधी करायची?
• माझं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीची गोळी किंवा केसांच्या गोळ्या यांचा यावर परिणाम होतो का?
• भूलतज्ज्ञांना बी१२ आणि हिमोग्लोबिनचे आकडे कळवले आहेत का?
• ऑपरेशननंतर उलट्या थांबल्या नाहीत तर किती वेळात आणि कोणाला फोन करायचा?
• पुढच्या तपासण्या आणि गोळ्यांचा वर्षाचा खर्च साधारण किती येईल?

शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. पण ऑपरेशनचा खर्च एकदाच होतो आणि गोळ्यांचा, तपासण्यांचा खर्च दरवर्षी. तो पेलणार आहे का, याचा हिशेब आधी झाला तर गोळ्या मध्येच सुटत नाहीत.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)